बाबा, कोहेलेतचा बारावा अध्याय आता पुरे

ती. बाबा आणि आई,
शालोम.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई नातवंडांची चौकशी सुरू करते, म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र बसून वाचा. आईने मोठ्याने वाचावं आणि बाबांनी मध्ये खोकू नये.

आधी मुद्द्याचं. इथे इस्राएलमध्ये, लोदला, आमच्याच इमारतीत तळमजल्यावरचं घर रिकामं झालं, ते मी तुमच्यासाठी घेतलं. करारावर सही झाली आहे. तिश्री महिन्यातले आपले सण आटोपले, इथलं ऊन जरा उतरलं, की तुम्ही दोघांनी यायचं. हे विचारणं नाही, सांगणं आहे, ते मला कळतं. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "पुढच्या वर्षी बघू." "पुढच्या वर्षी यरुशलेमला" हे तर आपण दर पेसाहच्या सणाला म्हणतो आणि परत ठाण्यातच मांडी घालून बसतो.

दादाशी बोलणं झालंय. त्याचं बंगळूरचं बस्तान हलणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या तीन मजल्यांना लिफ्ट होणार नाही. आणि आईने जिन्यात पडून महिनाभर आमच्यापासून लपवलं, त्याच्यानंतर मला रात्री झोप कशी लागेल? रागावले नाहीये गं. पण मोबाइल वाजला की पोटात गोळा येतो.

घर लहान आहे, उजेड भरपूर. न्हाणीघरात धरायला दांडे लावून घेतलेत. कमोड उंच आहे, आईच्या गुडघ्यांना बरं पडेल. बाबांची आरामखुर्ची मावेल एवढी जागा खिडकीशी मोकळी सोडली आहे. वाल, पोहे, कोकम सगळं भारतीय दुकानात मिळतं, नारळ थोडा महाग पडतो इतकंच. मागच्या गल्लीत आपले कोकणातले बेने इस्राएल यहुदी बरेच आहेत. मलिद्याच्या विधीला तुम्ही नुसते जाऊन बसलात तरी कोणीतरी रेवदंड्याचं निघेलच. तुम्ही विचारणार नाही, पण मनात असेल म्हणून लिहिते: घरात ममाद आहे, म्हणजे भक्कम भिंतींची सुरक्षित खोली, आणि तुमचे पलंग त्याच खोलीत आहेत. सायरन वाजला तरी कुठे धावायचं नाही.

आता बाबा, तुमच्याशी.

आई म्हणाली, तुम्ही दोन घास खाऊन ताट सारता आणि तिने टोकलं की तिला कोहेलेत, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या उपदेशकाच्या पुस्तकातलं म्हातारपणाचं वर्णन, ऐकवता. घराचे राखणदार कापू लागले म्हणजे हात, दळणाऱ्या थोड्या उरल्या म्हणजे दात, खिडक्यांतून पाहणाऱ्या अंधुक झाल्या म्हणजे डोळे, पाखराच्या आवाजाने झोप मोडते, बदाम फुलतो म्हणजे केस पिकले, आणि शेवटी "आमची अवियोना संपली." लहानपणी शनिवारी दुपारी तुमच्या पोटावर डोकं ठेवून मी हेच ऐकायचे. दळणाऱ्या म्हणजे दात हे कळल्यावर मी तुमचे दात मोजायला बसले होते, आठवतं? तेव्हा अवियोना काय ते तुम्ही सांगितलं नव्हतं. "मोठी झाल्यावर," म्हणाला होतात.

ती आमच्या कुंपणाच्या भिंतीत उगवते. केपरचं झुडूप. अवियोना म्हणजे त्याचं फळ. जुने भाष्यकार त्या ओळीत वासना विझली असं वाचतात. केपर खाल्लं की भूक चाळवते असा समज होता, तेव्हा त्यानेही जीभ जागी होत नाही म्हणजे म्हातारपण पुरतं आलं, असाही अर्थ लावतात. कोहेलेतशी वाद घालण्याइतकी मी शहाणी नाही. पण बाबा, ही वनस्पती मी रोज कचरा टाकायला जाताना बघते, आणि विझणं हा तिचा स्वभावच नाही.

तिला कोणी लावलेलं नाही, पाणीही कोणी घालत नाही. दोन दगडांच्या फटीतून निघून भिंतीवर पसरते. पानाच्या बुडाशी आकड्यासारखे वाकडे काट्यांचे जोड असतात. कळ्या खुडताना माझी बोटं रक्ताळतात. फूल संध्याकाळी उमलतं: चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधून जांभळट केसरांचा झुबकाच्या झुबका. दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत ते मलूल होतं, पण तोवर शेजारची कळी फुगलेली असते. मग देठाच्या टोकाला तोंडल्यासारखं फळ धरतं. पिकलं की आपोआप फुटतं, आत लालभडक गर आणि बिया, आणि मुंग्यांची रांग लागते. एकाच फांदीवर कळी, फूल आणि फुटलेलं फळ, तिन्ही एका वेळी. यरुशलेमला कोतेलच्या, म्हणजे मंदिराच्या पश्चिम भिंतीच्या, दगडांतून जी हिरवी झुडपं लोंबतात, त्यांतली बरीचशी हीच.

तलमूदमधली, आपल्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथातली, गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगते. धर्मगुरू रब्बान गमलिएल शिकवत होते की येणाऱ्या काळात झाडं रोज फळं देतील. एक शिष्य हसला, कोहेलेतचंच वचन त्यांच्या तोंडावर फेकलं: सूर्याखाली नवं काही नाही. गमलिएल म्हणाले, चल, याच जगात दाखवतो. आणि त्याला बाहेर नेऊन केपरचं झुडूप दाखवलं. म्हणजे ज्या पुस्तकाच्या आधाराने तुम्ही ताट सारता, त्याच पुस्तकाच्या आधाराने वाद घालणाऱ्याला उत्तर म्हणून हे झाड पुढे केलं होतं! दुसऱ्या एका जागी झाडांमधलं सगळ्यात धीट कोण, तर केपर, असंही एक मत दिलंय. आणि तुम्हाला आवडेल असा बारकावा: पानं आणि कोवळे कोंब खाताना भूमीच्या फळाची ब्राखा, म्हणजे खाण्याआधीचं आशीर्वचन, पण अवियोना खाताना झाडाच्या फळाची. एका काटेरी झुडपासाठी एवढा काथ्याकूट करणारी आपली माणसं, आणि तुम्ही म्हणता चव गेली.

आई, तू आता म्हणशील, "ही झाडाच्या गप्पा मारून आपल्याला गुंडाळतेय." हो, गुंडाळतेय. पण तुला ती परकी वाटणार नाही. समोरच्या काकू आषाढी द्वादशीला वाघाट्याची भाजी आणून द्यायच्या ना, ती वाघाटी हिची चुलत बहीण, तसेच वाकडे काटे. मी कळ्या मिठाच्या पाण्यात घालते, रोज पाणी बदलते, कडूपणा निघाला की व्हिनेगरमध्ये टाकते. तू आलीस की त्याला मोहरी-हिंगाची फोडणी देऊन बघू.

बाबा, १९६४चं तुमचं दुखणं मला माहीत आहे. आपण पुरते यहुदी आहोत हे मान्य करायला या देशाने आपल्याला रस्त्यावर बसवलं, ते थोरल्या काकांच्या पत्रांतून तुम्ही वाचलंय. ते विसरा म्हणणार नाही. इथे आलात तरी दर शनिवारी ते ऐकवा, माझ्या पोरांना ऐकायला हवंय. मिनयानची, प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांचीही काळजी कळते मला. रोज सकाळी दहावा माणूस मिळवायला तुम्हीच फोन करता. ते काम तुमच्यामागे कोणाला द्यायचं, ते तुम्हीच ठरवा, मी त्यात बोलणार नाही.

घर विकायचं नाही. दादाला तसं बजावलंय. किल्ली काकूंकडे राहू दे, मेझुझा, चौकटीवरची ती पवित्र वचनांची डबी, दारावरच राहू दे. आधी पेसाहपर्यंत राहून बघा. नाही रमलात तर मी स्वतः येऊन पोचवेन, तोंड न पाडता. हिवाळ्यात आमची भिंत उघडी दिसेल, पण पेसाहच्या सुमाराला पालवी फुटते, तेवढी बघून मग काय ते ठरवा.

तोवर नीट ऐका. बाबा, नाश्ता केल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. नाचणीची पेज चालेल, नुसता चहा-बिस्किट चालणार नाही. दात बसत नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा. निम्मी चव तिथेच अडकली असेल, आणि त्याला कोहेलेत काय करणार? आई, जिन्यात दिवा लावून घे, इलेक्ट्रिशियनला मी पैसे पाठवलेत. गुडघ्याचा पट्टा कपाटात नाही, गुडघ्यावर असतो. रक्त-लघवीच्या तपासण्या आणि जुने एक्स-रे एका पिशवीत घाला. बिरड्याच्या सणाचा, म्हणजे तिशा बआवचा, उपास बाबांनी करायचा नाही, डॉक्टर काय म्हणाले ते मला आईने सांगितलंय. आईवर चिडू नका, मीच तिच्याकडून काढून घेतलं.

आणि पासपोर्ट. बाबांचा संपत आलाय. दादा पुढच्या रविवारी येऊन अर्ज भरून देईल, त्याला हाकलू नका. फोटोसाठी चष्मा काढायचा आणि तो निळा शर्ट घालायचा. आई, बाबांचे केस त्याआधी कापून घे.

तुमची,
छबी