तिसऱ्यांदा गर्भ पडेपर्यंत थांबायला सांगू नका

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्यांदा गर्भपात झाला तेव्हा मला नववा आठवडा चालू होता. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. ‘आता तपासण्या करायच्या का?’ असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘पुन्हा असं झालं तर बघू.’

लागोपाठ तीन गर्भपात झाल्यावरच कारण शोधायचं, हा जुना वैद्यकीय नियम. युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी ही अट आता दोनवर आणली आहे. २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखमालेनं तर पहिल्या गर्भपातानंतरच मदत सुरू करा, असं सुचवलं. जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात, हा अंदाजही त्याच लेखमालेतला. एवढ्या बायका आणि बहुतेकींच्या मनात एकच प्रश्न: माझं काय चुकलं?

बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आणि तो दोष बहुधा योगायोगानं आलेला असतो. जिने चढल्यानं, नोकरीवर गेल्यानं, नवऱ्याजवळ गेल्यानं निरोगी गर्भ पडत नाही. मला हे कुणी सांगितलं नाही. महिनाभर मी उचललेली प्रत्येक बादली आठवत बसले होते.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी आहेतच. वय त्यात सगळ्यात मोठं. पस्तिशीनंतर धोका वाढत जातो, चाळिशीनंतर झपाट्यानं. पुरुषाचं वाढतं वयही मोजावं लागतं, पण तपासणीच्या खोलीत त्याला कुणी बोलावतच नाही. आधीचे गर्भपात, तंबाखू, दारू, फार कमी किंवा फार जास्त वजन यांचाही वाटा असतो. वयाचं कुणी काही करू शकत नाही. पण आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा थायरॉईडचा बिघाड साध्या रक्ततपासणीत कळतो, आणि त्यावर औषधं आहेत. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईत हा आजार सापडला, तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन देऊन पुढचं गरोदरपण टिकण्याची शक्यता वाढवता येते. तिला आणखी एक गर्भ गमवायला लावून आपण नेमकं काय मिळवतो?

म्हणून मागणं एवढंच: पहिल्या गर्भपातानंतर साखर, थायरॉईड, वजन, व्यसन यांची चौकशी आणि समुपदेशन सरकारी दवाखान्यात विनामूल्य व्हावं. दुसऱ्यानंतर अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी आणि गर्भाशयाच्या रचनेची सोनोग्राफी व्हावी. कोणत्याही बाईला घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी किंवा नर्सनं पाच मिनिटं शेजारी बसून, शक्यतो तिच्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर सांगावं, की यात तिचा दोष नाही. तसा लेखी आदेश आपण काढावा.

आपली,
दोन गर्भपातांतून गेलेली एक नागरिक