आईचा रेडिओ वेळेवर लावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

नेरूळच्या आपल्या सोसायटीत सगळे तुम्हाला ‘बी विंगमधले काका’ म्हणूनच ओळखतात, म्हणून इथेही नाव घालत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे होते. कितीतरी घरांत जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय आणि दिवसभर एकटं बसणारं म्हातारं माणूसही आहे. तुम्ही काय केलंत ते त्या घरांतल्या मुलांना कळायला हवं.

काचबिंदूने आईची नजर गेली, वाचन सुटलं, टीव्ही सुटला, उरला रेडिओ. विविध भारती १९५७ सालची, आई तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. पण ट्रान्झिस्टरवर ५५८ किलोहर्ट्‌झला आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावली की नुसती खरखर. मिडियम वेव्हला चार्जर आणि एलईडी दिव्यांचा त्रास होतो, हे तुम्ही आमचा एकेक दिवा बंद करून आईला ऐकवून दाखवलंत. मोबाइलवर ॲप होतं. गुळगुळीत काचेवर तिनं बोट कुठे ठेवायचं? आणि मी तर सकाळीच लोकल गाठायला बाहेर पडते.

तुम्ही आमचा जुना लॅपटॉप मागितलात. विंडोजमधल्या टास्क शेड्युलरमध्ये रोजची वेळ टाकली, त्या वेळी गाणी वाजवणारा व्हीएलसी प्रोग्राम उघडेल आणि स्टेशनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून रेडिओ वाजवेल असं केलंत. तो पत्ता एका छोट्या एम-थ्री-यू फाइलमध्ये वेगळा ठेवलात. पुढे कधी पत्ता बदललाच तर तेवढी एक ओळ बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. लॅपटॉप पूर्ण बंद न करता स्लीपमध्ये ठेवायचा, म्हणजे वेळ झाली की तो आपणहून जागा होतो. त्यासाठी शेड्युलरमध्ये एक खूण करावी लागते आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये वेक टायमरला परवानगी द्यावी लागते. चार्जर लावलेला असेल तरच काम सुरू करायचं, अशी अट तिथे आधीपासून असते. ती तुम्ही आठवणीने काढलीत. वीज गेली तरी आईचा कार्यक्रम चुकू नये म्हणून. वायफायचा राउटरही त्यासाठीच छोट्या यूपीएसवर घेतलात.

पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. यातलं काहीही ठरवण्याआधी तुम्ही मला नाही, आईला विचारलंत. जाग कधी येते, आंघोळ कधी, डोळा कधी लागतो. जेवणानंतर तिला शांतता लागते हे कळल्यावर व्हीएलसी बंद करणारं दुसरं काम लावलंत. आवाज रोज ठरलेल्या पातळीवरच सुरू होईल असं केलंत, कारण अचानक मोठा आवाज झाला की ती दचकते. नजर गेल्यापासून तिच्यासाठी सगळं आम्हीच ठरवत होतो. तुम्ही तिच्यापुढे खुर्ची ओढून बसलात आणि ती सांगत गेली.

आता ती दुपारी फोन करून मला गाणी सांगते, कोणती लागली, कोणती बऱ्याच दिवसांनी लागली. पैशांचं तर तुम्ही नावच काढू दिलं नाहीत.

तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिलेल्या कागदाच्या प्रती काढल्या आहेत. सी विंगमधल्या आजोबांच्या सुनेने कालच एक नेली. त्यांना शनिवारी संध्याकाळी वेळ देऊ शकाल का? लॅपटॉप त्यांच्याकडे आहे, राउटरचं मी बघते.

तुमची,
ए विंगमधली शेजारीण