तक्रार पत्र : आईच्या दागिन्यांचं सदोष मूल्यांकन आणि त्याच आकड्यावर खरेदीचा प्रस्ताव

सोलापूर
दिनांक : 5 जानेवारी 2026

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी,
दागिने व रत्न मूल्यांकन विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय : सोलापूर शाखेने दिलेला मूल्यांकन अहवाल मागे घेणे, शुल्काचा परतावा आणि तन्मण्याच्या नुकसानीची भरपाई मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या सोलापूर शाखेत आमच्या दिवंगत आईकडचे पाच डाग, म्हणजे दागिने, मूल्यांकनासाठी दिले होते : पाटल्यांची जोडी, बोरमाळ, मोत्यांचा तन्मणी, नथ आणि वडिलांची माणकाची अंगठी. ते विकायचे नव्हते की गहाण टाकायचे नव्हते. आम्ही तीन भावंडं. मी इथे सोलापुरात, धाकटी बहीण हैदराबादला, भाऊ पुण्याला. आई गेल्यावर वाटणीचा विषय निघाला, तेव्हा तोंडी अंदाजावर काही नको, तिऱ्हाइताकडून लेखी भाव काढून घेऊ, असं तिघांनी मिळून ठरवलं. शाखेत हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पावतीवर ‘प्रयोजन : कौटुंबिक वाटणी’ हे शब्द आपल्याच माणसाच्या अक्षरात आहेत.

वाटणीत एकूण रकमेला फारसा अर्थ नसतो. एकूण आकडा थोडा वर गेला काय नि खाली आला काय, तिघांचं सारखंच वरखाली होतं. पण एका डागाचा भाव कमी लागला आणि दुसऱ्याचा फुगला, तर एक भावंड फायद्यात जातं आणि दुसरं बुडतं, आणि तेही न बोलता. आपल्या अहवालात नेमकं हेच झालं आहे.

पाटल्यांचं बघा. पावतीवर वजन 46.120 ग्रॅम. आजीच्या हिशेबाच्या वहीत ‘पाटल्या तोळे चार’ अशी नोंद आहे. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, चार तोळ्यांचे 46.656 होतात. दोन पिढ्यांच्या हातातली झीज धरली तर पावतीवरचं वजन चोख आहे. अहवालात मात्र वजनाच्या रकान्यात ‘4 तोळे’, शेजारी दहा ग्रॅमचा दर, आणि पुढे सरळ चारने गुणाकार. म्हणजे कागदावर पाटल्या 40 ग्रॅमच्या झाल्या आणि सहा ग्रॅमहून जास्त सोनं गेलं कुठे, त्याचा पत्ता नाही. हल्ली बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात हे मलाही ठाऊक आहे. पण डाग काट्यावर ठेवून मिलिग्रॅमपर्यंत तोलल्यावर परत तोळ्यात शिरायचं कारण काय? शिवाय तो दर 22 कॅरटचा की 24 चा, जीएसटी धरून की सोडून, हेही कुठे लिहिलेलं नाही. मी लेखी विचारलं, तर शाखाधिकाऱ्यांचं उत्तर आलं : ‘बाजारभावातील चढउतारामुळे तफावत संभवते.’ चढउतार दराचा होतो हो, वजनाचा नाही.

बोरमाळेचं प्रकरण याच्या उलट. तिचे मणी आतून पोकळ, लाख भरलेले. एकूण वजन 38.400 ग्रॅम, त्यातून लाख वजा करून निव्वळ सोनं ‘31.00’ असं अहवाल म्हणतो. इतका गोल आकडा तोलून येत नाही, तो अंदाजाने टाकलेला असतो. शुद्धता लिहिली आहे 95 टक्के, ती शाखेतल्या एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्रावर काढलेली. हे यंत्र चांगलंच आहे, डाग न मोडता वाचतं, पण ते वरच्या काही मायक्रॉनच्या थरापुरतंच बघतं. आईने मध्यंतरी बोरमाळेला मुलामा दिला होता आणि हे मी डाग देतानाच सांगितलं होतं. यंत्राने वाचला तो मुलामा.

आपला अहवाल पटेना म्हणून मी बोरमाळ आमच्या सराफ बाजारातल्या एका वयस्क कारागिराकडे नेली. त्यांनी मला विचारून एक मणी कानसीने मागच्या बाजूला किंचित घासला. आधी न घासलेली बाजू कसोटीवर ओढली, शेजारी घासलेली. पहिली रेघ पिवळीजर्द, दुसरी स्पष्ट तांबूस. दोन्हींवर तेजाबाची कांडी फिरवली तेव्हा दुसरी रेघ बघता बघता फिकी पडली. मग तोच मणी उकलून, तापवून लाख काढली, रिकामा मणी तोलला आणि माळेतल्या मण्यांच्या संख्येने गुणलं. मणी तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे हाही अंदाजच, पण कशावरून काढला ते दिसणारा अंदाज. निव्वळ सोनं 27 ग्रॅमच्या आसपास आणि टंच, म्हणजे शुद्धता, 22 कॅरटच्याही खालचा. तन्मणी दाखवल्यावर ते म्हणाले, “अक्का, सोन्याचं विचारा, सांगतो. मोत्याचं मी नाही बोलणार, ते मुंबईला मशीनवर बघतात.” आपल्या चकचकीत शाखेत एवढं बोलायची तयारी कुणाची नव्हती.

तन्मण्याबद्दल माझी तक्रार सर्वांत मोठी आहे आणि ती दोन प्रकारची आहे. अहवालात मोत्यांपुढे ‘कल्चर्ड, मूल्य नगण्य’ एवढंच लिहिलं आहे. कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, गोल मोती बाजारात यायला लागले ते 1920 च्या दशकात. हा तन्मणी पणजीच्या गळ्यात 1912 सालच्या फोटोत दिसतो. त्यानंतर तो कितीदा गाठवला गेला, वाटेत मोती बदलले का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे ते बसराचे, म्हणजे नैसर्गिकच आहेत असा माझा हट्ट नाही. हट्ट एवढाच आहे की न तपासता ‘कल्चर्ड’ लिहू नये. गाभ्यात शिंपल्याचा मणी घालून वाढवलेला मोती आणि नैसर्गिक मोती यांतला फरक क्ष-किरण चित्रात दिसतो, टेबलावरच्या दिव्याखाली नाही. आपल्या अहवालात ‘तपासणीची पद्धत’ हा रकाना पाचही डागांपुढे कोरा आहे. नैसर्गिक आणि कल्चर्ड यांच्या भावात किती अंतर असतं हे ज्या कंपनीला माहीत आहे, तिने हा रकाना कोरा सोडणं मला साधा निष्काळजीपणा वाटत नाही.

दुसरा भाग नुकसानीचा. तन्मण्याच्या खोडात, म्हणजे पदकात, मध्ये पाचू, भोवती लाल खडे, सगळे मागून बंद कोंदणात, खड्यांखाली चमक यावी म्हणून पातळ पत्रा घातलेला. वजन करण्यापूर्वी काउंटरवरच्या मुलाने तो दोऱ्यासकट स्टीलच्या छोट्या टाकीत सोडला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. अल्ट्रासॉनिक मशीन, ध्वनिलहरींच्या कंपनांनी दागिने धुणारं. मी “अहो, तो पाण्यात नका घालू,” म्हणेपर्यंत घूं आवाज सुरू झाला होता. “मॅडम, सगळं असंच क्लीन करतो आम्ही,” असं उत्तर मिळालं. मोती आणि पाचू या मशीनमध्ये घालत नाहीत हे रत्नांच्या धंद्यातलं प्राथमिक ज्ञान आहे. पाचूत मुळातच बारीक भेगा असतात, त्या झाकायला तेल मुरवलेलं असतं, आणि ते या मशीनमध्ये निघून जातं. बंद कोंदणात पाणी शिरलं की मागचा पत्रा काळवंडतो. आता पाचूत पांढुरक्या रेघा उघड्या पडल्या आहेत आणि सात लाल खड्यांपैकी तीन गढूळ झाले आहेत. मोत्यांचा दोराही सैल पडला, तो पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावा लागला. डाग देतानाचे आणि परत घेतल्यानंतरचे फोटो सोबत जोडले आहेत, फरक सांगावा लागणार नाही.

अंगठीच्या बाबतीत आपण आमच्यावर मेहेरबानी केलीत. ‘माणिक, नैसर्गिक, उत्तम प्रत, 5.20 कॅरट’ आणि पुढे असा आकडा की पाच डागांत सर्वांत महाग डाग हीच. वडिलांनी कुणा ज्योतिषाच्या सांगण्यावरून घेतलेली, रवीसाठी. वाटणीत ती भावाच्या नावावर जाणार होती आणि त्या बदल्यात तो पाटल्या सोडणार होता. त्याने खबरदारी म्हणून मुंबईच्या एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दाखवली. खडा नैसर्गिक आहे, पण भेगांत शिशाची काच भरलेला. असा माणिक आणि फक्त तापवलेला किंवा काहीच न केलेला माणिक यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यासाठी मोठी यंत्रंही लागत नाहीत. दहापट भिंगाखाली खडा फिरवला की भेगांतून निळसर चमक उमटते आणि अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतात. प्रयोगशाळेने भावाला ताकीदही दिली की दुरुस्तीच्या वेळी सोनाराला आधी सांगा, आच लागली तर काच वितळेल, आणि लिंबूसुद्धा चोळू नका. आपल्या अहवालात ‘प्रक्रिया केलेला’ हा शब्द नाही.

नथीबद्दल तक्रार नाही. ती बहिणीच्या मुलीला द्यायची हे आईच ठरवून गेली होती, तिचा भाव कुणाला नकोच आहे.

भावाला त्याच्या वाट्यातलं काही पुढे विकायचं आहे. 2001 पूर्वीच्या डागांना भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी 1 एप्रिल 2001 रोजीचा वाजवी बाजारभाव धरता येतो, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल द्या, असं त्याच्या सीएने सांगितलं होतं. शाखेत विचारलं तेव्हा “होऊन जाईल मॅडम” म्हणाले. अहवालात त्या तारखेचा भाव नाही. सही आहे, पण सहीखाली नाव, पदवी, नोंदणी क्रमांक यांपैकी काही नाही. आपल्या माहितीपत्रकावर ‘प्रमाणित रत्नपरीक्षक’ असं छापलेलं आहे. कोणी प्रमाणित केलं, कशासाठी, एवढं कळलं तरी बरं होईल.

आता ज्यामुळे हे पत्र शाखेला न लिहिता थेट मुख्य कार्यालयाला लिहिते आहे, ते सांगते. अहवाल माझ्या हातात देऊन होतो न होतो तोच समोरच्या अधिकाऱ्याने आपल्याच समूहाच्या दुकानाचं कार्ड पुढे सरकवलं. “याच व्हॅल्युएशनवर आम्ही लगेच घेतो मॅडम. एक्स्चेंज केलंत तर घडणावळीत सूट.” घेणार काय, तर पाटल्या आणि तन्मणी. ज्यांचा भाव आपण पाडला, नेमके तेच दोन. फुगवलेली अंगठी कुणी मागितली नाही! आणि शुल्क घेतलं ते एकूण मूल्याच्या एक टक्का. म्हणजे आकडा फुगला तर शुल्क वाढतं आणि पडला तर खरेदी स्वस्तात होते. दोन्हीकडून आपलंच. मूल्यांकन करणाऱ्याने मूल्यावर टक्केवारी घेऊ नये आणि त्या मालात स्वतःचा रस ठेवू नये, असा दंडक तटस्थ मूल्यांकनात मानला जातो. शुल्क डागाप्रमाणे किंवा वेळेप्रमाणे ठरवा, मी आनंदाने देईन. ज्याने भाव सांगितला त्यालाच तो माल हवा असेल, तर त्याने सांगितलेला भाव मी कुठल्या विश्वासावर घ्यायचा?

नुसत्या सोन्याची शुद्धता तर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात कुणीही ग्राहक तपासून घेऊ शकतो. 2022 साली सरकारने जाहीर केलं तेव्हा चार डागांपर्यंत 200 रुपये शुल्क होतं. मी आपल्याकडे आले ते खड्यांसाठी, मोत्यांसाठी आणि तटस्थ लेखी आकड्यासाठी. यांतलं एकही मिळालं नाही.

माझी मागणी अशी आहे. सध्याचा अहवाल लेखी पत्राने रद्द करावा, कारण तो भावंडांच्या फोनमध्ये फिरतो आहे आणि त्यावरून घरात बोलाचाली झाल्या आहेत. घेतलेलं पूर्ण शुल्क परत करावं. आपल्या समूहाशी संबंध नसलेल्या, नाव आणि पात्रता उघड असलेल्या मूल्यांककाकडून आपल्या खर्चाने नवा अहवाल करून द्यावा. त्यात प्रत्येक डाग वेगळा, एकूण आणि निव्वळ वजन ग्रॅममध्ये, सोन्याचा भाव आणि खड्यांचा भाव निरनिराळा, तपासणी कशी केली ते, खड्यावर प्रक्रिया असल्यास तिचा उल्लेख, आणि आकडा मोडीचा आहे की नवा डाग घ्यायला लागेल तो, हे स्पष्ट असावं. मोत्यांचं क्ष-किरण परीक्षण त्यातच यावं. तन्मण्याचं कोंदण उघडून पत्रा बदलण्याचा, पाचू पुन्हा तेलात घेण्याचा आणि गाठवण्याचा खर्च कंपनीने द्यावा. हे काम कुणाकडून करायचं ते मात्र आम्ही ठरवू, डाग पुन्हा आपल्या शाखेत येणार नाही. डाग स्वीकारले त्या दिवसाचं काउंटरवरचं सीसीटीव्ही चित्रण पुसू न देता जपून ठेवावं, ही विनंती नसून सूचना समजावी.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, अक्षता सोहळ्यासाठी बहीण आणि भाऊ घरी येत आहेत. तेव्हाच वाटणी उरकायचं ठरलं होतं, ते आता लांबणीवर टाकलं आहे. हे पत्र पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे मला मुंबईला यायची गरज पडणार नाही, आपल्याला मात्र सोलापूरला यावं लागेल. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आजच नोंदवत आहे.

आपली,
पावतीवर नाव असलेली ग्राहक,
सोलापूर

सोबत : स्वीकृती पावती, मूल्यांकन अहवाल, शाखेचं उत्तर, अंगठीचा प्रयोगशाळा अहवाल, तन्मण्याचे आधीचे व नंतरचे फोटो (सर्व प्रती, मूळ कागद माझ्याकडे आहेत).