फॉर्म १६ मिळाला नाही, तरी पगार दाखवावाच लागतो

माननीय संपादक महोदय,

प्राप्तिकर विवरणपत्रे भरण्याचे दिवस आले की नागपूरजवळच्या मिहान, हिंगणा, बुटीबोरी या औद्योगिक भागांतील नोकरदारांत एक समज हमखास ऐकू येतो : जुन्या कंपनीने फॉर्म १६ दिला नाही, तेव्हा तेथील पगार दाखवण्याचे कारण नाही. हा समज साफ चुकीचा आहे. फॉर्म १६ हा पगारातून कापलेल्या कराचा दाखला आहे. तो हाती नसला तरी वर्षभरातील सर्व नोकऱ्यांचे वेतन विवरणपत्रात एकत्र यावेच लागते.

कापलेला कर २६एएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या आपल्या कराच्या वार्षिक विवरणात, दिसतो. कर कापलाच नसेल, तर पगारपत्रकांचा आधार घ्यावा. बँकेत जमा झालेल्या रकमांची बेरीज म्हणजे पगार, असे मात्र धरू नये, कारण ती भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर (एरवी दरमहा २००, फेब्रुवारीत ३०० रुपये) वजा होऊन आलेली असते. शिवाय दोन्ही मालकांनी प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट मिळणारी ठरावीक सूट) स्वतंत्रपणे धरलेली असल्यास ती प्रत्यक्षात एकदाच मिळते, आणि ऐनवेळी कर भरण्याची पाळी येते.

राजीनामा दिलेल्या माणसाला दाखल्यासाठी टोलवत ठेवणारे मालकही कमी दोषी नाहीत. कर कापला असल्यास १५ जूनपर्यंत फॉर्म १६ देणे त्यांना बंधनकारक असून, विलंबासाठी दररोज ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. सिव्हिल लाइन्समधील प्राप्तिकर कार्यालयाने जून-जुलैत औद्योगिक वसाहतींमध्येच मार्गदर्शन शिबिरे घ्यावीत, ही विनंती.

— एक करदाता, प्रतापनगर, नागपूर