निवेदकांचा अनुभव जपायला हवा

महोदय,

टीव्हीवरचे ओळखीचे निवेदक दिसेनासे झाले की आपण ‘हल्ली काय करतात?’ एवढं विचारतो आणि विसरून जातो. मला तबस्सुम आठवतात. ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम दूरदर्शनवर १९७२ ते १९९३ अशी तब्बल २१ वर्षं चालला. हसतमुखानं, मधेच एखादा शेर पेरत त्या भल्याभल्या कलावंतांना बोलतं करायच्या. पुढे उतारवयात त्यांनी यूट्यूबवर ‘तबस्सुम टॉकीज’ सुरू केलं आणि जुन्या चित्रसृष्टीच्या आठवणी सांगितल्या. २०२२ मध्ये त्या गेल्या, पण तो ठेवा मागे राहिला.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तिथे उमेदीची वर्षं घालवलेले कितीतरी मराठी निवेदक आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. थेट प्रक्षेपणात ऐनवेळी पाहुणा आला नाही तर वेळ कशी निभावायची, बुजलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर कसं खुलवायचं, हे त्यांच्याकडूनच शिकावं. केंद्रानं त्यांच्या सविस्तर मुलाखती आत्ताच ध्वनिचित्रमुद्रित कराव्यात आणि नव्या निवेदकांना शिकवायला त्यांना मानानं, मानधन देऊन बोलवावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दादर, मुंबई