आईची दक्षिण काशी सातव्या पायरीवर थांबली : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी सांगलीची रहिवासी, निवृत्त शिक्षिका. माझी आई ८२ वर्षांची आहे. "काशीस जावे नित्य वदावे" ही म्हण तिने जन्मभर अक्षरशः पाळली, म्हणजे जायचे बोलत राहिली आणि संसार, आजारपणे व पैसा यांमुळे जाणे राहून गेले. म्हणून आम्ही तिला दक्षिण काशीला, वाईला नेतो. सांगलीत जिच्या काठी तिचे आयुष्य गेले तीच कृष्णा वाईत अजून लहान व उथळ असते, आणि ते पाणी हाताने घेऊन डोळ्यांना लावले की तिला माहेरी गेल्यासारखे वाटते.

मागच्या वर्षी माघात, कृष्णामाईच्या उत्सवात, घाट उतरताना तिचा पाय घसरला होता. नातवाने वेळीच धरले म्हणून निभावले. त्याच आठवड्यात मी संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला. मागणी साधी होती : एका बाजूने धरायला लोखंडी रेलिंग, पायऱ्यांवरचे शेवाळ वेळोवेळी खरवडणे, आणि म्हाताऱ्या बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह. घाट कोणता, हे त्या अर्जात लिहिलेले आहे. "पावसाळ्यापूर्वी कार्यवाही करण्यात येईल" असे सही-शिक्क्याचे उत्तर आले आणि ते मी देवघरातल्या पोथीत जपून ठेवले, इतका माझा त्यावर विश्वास बसला होता.

यंदा आम्ही पहाटे पाचला सांगली सोडली. आधी ढोल्या गणपती, मग काशीविश्वेश्वर, दुपारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या विजयानंतर आणलेली ती घंटा, परतताना धोमचा नरसिंह, असा बेत आईने स्वतः वहीत लिहून ठेवला होता. गणपतीचे दर्शन झाले. विश्वेश्वरापुढच्या नंदीवरून हात फिरवून झाला. मग पाण्याला स्पर्श करायचा म्हणून ती घाटावर आली आणि सातव्या पायरीवर कोसळली. रेलिंग नव्हते, शेवाळ तसेच होते. उजव्या मनगटाचे हाड मोडले. तिला उचलून वर आणायला चौघे अनोळखी तरुण धावले, आणि वर आणल्यावर ओले लुगडे बदलायला आडोसा मिळेना, तेव्हा फुलवालीने आपली ताडपत्री धरली. माझ्या आईने आयुष्यभर सांभाळलेली अब्रू त्या दिवशी एका ताडपत्रीच्या आधाराने वाचली, हे मी आपल्याला सांगितलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी ते उत्तर घेऊन कार्यालयात गेले. तिथे मला सांगण्यात आले की नदी एका खात्याची, पायऱ्या दुसऱ्याच्या, वरचा रस्ता तिसऱ्याचा. शिवाय रेलिंग बसवले तरी ते पुरात टिकणार नाही. मंत्रिमहोदय, हे शेवटचे वाक्य वाईत बसून बोलावे, याचा मला सर्वांत जास्त संताप आला. ज्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही घाटावर आलो होतो, ते देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली नदीच्या अगदी काठावर बांधले, आणि पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून त्याची मागची बाजू माशासारखी निमुळती केली. नदी दरवर्षी चढणार हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते, आणि भाविक दरवर्षी येणार हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी धरून त्यांनी दगड घडवला. आम्ही सांगलीकरांनी २००५चा आणि २०१९चा पूर घरात घेतलेला आहे, पूर म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावू नये. पावसाळ्यात काढून ठेवता येतील अशा नळ्या कोणताही फॅब्रिकेशनवाला बनवून देईल. अडचण पुराची नाही, ते काम आपले आहे असे कोणालाच वाटत नाही ही आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात यासाठी कायदा आहे, तर त्याचा एक तरी दांडा घाटापर्यंत का पोहोचत नाही? वारशाच्या जाहिरातीत हाच घाट असतो, चित्रीकरणासाठी हाच घाट लागतो. मग ज्यांच्या पावलांनी त्या पायऱ्या झिजल्या त्या बायका कोणाच्या हिशोबात धरल्या जातात? तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थच पाण्यात उतरण्याची जागा असा आहे. जिथे उतरता येत नाही तिथे कमान उभारून आणि दिवे लावून तीर्थ होत नाही. आणि हे वाईपुरते नाही. संगम माहुलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत कृष्णेच्या घाटांवर मी आईला घेऊन उतरले आहे आणि प्रत्येक ठिकाणी आधाराला माझाच खांदा होता. मीही आता ६१ वर्षांची आहे. माझे गुडघे मला पुढची किती वर्षे साथ देतील?

मला नुकसानभरपाई नको. त्या उत्तरावर सही करणाऱ्याने वर्षभरात काय केले, याची चौकशी करून लेखी खुलासा द्यावा. आणि पाणी, पायरी व रस्ता या तिन्हींसाठी जबाबदार असा एकच अधिकारी नेमून त्याचे नाव घाटावर फलकावर लावावे. रेलिंगची मागणी तर वर्षापूर्वीच केलेली आहे.

आईचे प्लास्टर अजून निघायचे आहे. डाव्या हाताने घास घेताना तिची तारांबळ होते, पण ती तक्रार करत नाही. काल तिने वही मागवून घेतली आणि मेणवली व धोम या दोन नावांवर बोट ठेवून विचारले, "हे कधी?" मी तिला आपल्या उत्तराची वाट पाहतो आहोत असे सांगितले आहे.

आपली,
एक सांगलीकर लेक