दुसरा कठडा

नौपाडा, ठाणे

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबांचा हात किती टक्के आला?" मी काहीतरी आकडा सांगून वेळ मारून नेली. तेव्हापासून ते मनात घोळतंय.

आजारात अधू झालेला त्यांचा उजवा हात फारसा आलेला नाही. मूठ वळते, पण शर्टाचं बटण अजून चिमटीत येत नाही. तरीही गेल्या पंधरवड्यापासून बाबा एकटे खाली उतरून पेपर घेऊन येतात.

व्यायाम पहिल्यापासून चालू होते, पण ते खाली जायला तयार होईनात. मला वाटायचं, त्यांचा धीर खचलाय. रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून घरी येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई मात्र त्यांना सरळ जिन्यापाशी घेऊन गेल्या आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "काकू, कठडा एकाच बाजूला आहे." चढताना तो डावीकडे येतो, म्हणून बाबा चढू शकायचे. उतरताना तोच उजवीकडे, म्हणजे नेमका अधू हाताच्या बाजूला. इतकी वर्षं मी तो जिना चढले-उतरले, कधी लक्षात आलं नाही रे! सोसायटीने भिंतीलगत पाइप बसवून दिला आणि चौथ्या दिवशी बाबा खाली.

मग ताईंनी कालनिर्णयच्या पानामागे एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळं काढली: माणूस, त्याचा भोवताल आणि त्याचं काम. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात, तेवढं त्या माणसाला प्रत्यक्ष जमतं. एक वर्तुळ जरा सरकलं तरी मधली जागा वाढते किंवा आटते. कॅनडात मेरी लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ही मांडणी केली. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण त्याच्याही कितीतरी आधी, १९५० साली, मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्न होऊन इकडे आलेल्या. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्या नावाने मीही फसले होते. निवृत्त माणसाला आता कसला व्यवसाय? पण आंघोळ, देवपूजा, भाजी निवडणं, तलावपाळीला फेरी मारणं, ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो ती सगळी त्यात आली.

ताईंनी विचारलं, "आजारापूर्वी काका सकाळी काय करायचे?" मी म्हटलं, चहा. साडेपाचचा आल्याचा चहा तुझ्या लहानपणापासून त्यांचाच. दवाखान्यातून आल्यावर ते काम मी घेतलं. चहाच काय, कपडे घालणं, दाढी, फोन उचलणं, सगळंच घेतलं. ताई हळूच म्हणाल्या, "काकू, भोवताल म्हणजे नुसत्या भिंती नसतात. घरातली माणसंही त्यात येतात." त्या रात्री मला झोप लागली नाही. जिन्याला कठडा कमी होता, आणि घरात मी जास्त झाले होते.

आता चहा पुन्हा त्यांच्याकडे आहे. डाव्या हाताने सांडशीत टोप धरवेना, म्हणून दांडीचं हलकं भांडं आणलं. फिरकीच्या झाकणाचे डबे काढून टाकले. किसणी सरकू नये म्हणून तिच्याखाली ओलं फडकं ठेवतात. पंचवीस मिनिटं लागतात, दोनदा सांडला. मी बाहेर बसून भांड्यांचे आवाज ऐकते. उठावंसं फार वाटतं, पण उठत नाही. सदरा मात्र अजून दोघं मिळून घालतो: आधी अधू हात बाहीत, मग चांगला.

तू खारघरला या म्हणतोस. तुझ्याकडे लिफ्ट आहे, बाथरूमला उंबरठा नाही, मान्य. पण लिफ्टने उतरून ते जातील कुणाकडे? इथे पेपरवाला त्यांचं अडखळतं बोलणं पुरं होईपर्यंत थांबतो. जांभळी नाक्यावरचा भाजीवाला पिशवी त्यांच्या डाव्या खांद्याला अडकवून देतो. हे तिथे जमवायला वेळ लागेल. दिवाळीत आठ दिवस येऊन राहतो, मग तिघं बसून बोलू. बाबांनाही विचारायचं, माझ्यामार्फत नव्हे.

आणि रविवारचा फोन आता त्यांच्याच मोबाइलवर कर. खिशातून काढून कानाला लावेपर्यंत वेळ जातो. कट करू नकोस, वाजू दे.

तुझी
आई